दिसण्याचे भय
(आकाशवाणीवरील भाषण)



आपण माझा आवाज ऐकत आहात, पण मी आपणास दिसत नाही. आकाशवाणीची ही एक मोठी सोय आहे, आणि आज मी जो विषय घेतला आहे त्याला ती साजेशीही आहे. दुसऱ्याच्या नजरेस पडण्याचे जे भय काही माणसांच्या मनात लहानपणापासून घर करून राहते, त्याविषयी मला आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मी नरोलीस राहते. सिल्वासाहून दमणगंगेचा पूल ओलांडून आले की आमचे गाव लागते. माहेर वसईकडचे, लग्नानंतर इकडे आले आणि गेली कित्येक वर्षे शाळेत मराठी शिकवीत आहे. आमच्या वर्गात कोणाच्या घरी गुजराती बोलतात, कोणाच्या घरी वारली, कोणाच्या घरी मराठी. आणि कारखाने आल्यापासून दूर दूरच्या प्रांतांतील मुलेही येऊ लागली आहेत. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी आली. तिची ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलून सांगते. ती नेहमी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशास बसे. हजेरीच्या वेळी तिचे ‘हजर’ मला कधी ऐकू आले नाही. ओठ हलले म्हणजे ती आली आहे असे मी समजे. तिची निबंधाची वही मात्र पाहण्यासारखी होती. अक्षर बारीक, पण विचार स्वच्छ. ती लिहीत असताना कोणी जवळून गेले की डाव्या हाताचा पंजा पानावर येई. एकदा मी तिला तिचाच निबंध वाचून दाखविण्यास सांगितले. ती उभी राहिली. चेहऱ्यावरचा रंग उडाला, वहीचे पान थरथरू लागले, आणि क्षणभराने ती तशीच खाली बसली.

शिक्षकांच्या खोलीत बोलणे निघाले तेव्हा एकजण म्हणाले, “लाजाळू आहे. मोठी होईल तशी धीट होईल.” मी काही बोलले नाही. परंतु ही लाज नव्हे, हे मला ठाऊक होते. कारण ज्या घरात मी वाढले, त्या घरानेच मला हे भय शिकविले होते.

आमच्या घरी एक वडीलधारे गृहस्थ होते. ते कोण, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते आता हयातही नाहीत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा ओटीवर वाजणाऱ्या त्यांच्या पावलांवरून आम्हा मुलांना त्या दिवसाचा रंग कळे. पाऊल जड पडले की जो समोर दिसेल त्याला मार बसे. कारण लागत नसे; समोर असणे एवढेच कारण पुरे होई. मी धान्याच्या कोठीमागे जाऊन बसे आणि श्वासाचा आवाजही होऊ देत नसे. माझा धाकटा भाऊ हसरा आणि बडबड्या होता. तो नेहमी सापडे. त्यावरून मी एक धडा घेतला : जो दिसतो तो मार खातो, जो दिसत नाही तो वाचतो. सात-आठ वर्षांच्या मुलीचा तो हिशेब होता, आणि त्या घरापुरता तो अगदी बरोबर होता.

दुःख असे की, घर सुटले तरी हिशेब सुटला नाही. पुढे मी शिकले, नोकरीस लागले, वर्गात उभी राहून शिकवू लागले. मुलांसमोर मला कधी भीती वाटली नाही. पण मोठ्या माणसांची सभा असली की मी दाराजवळची जागा शोधी. चर्चमध्ये गायनाची आवड असूनही वीस वर्षे मी मागच्या बाकावर पुटपुटत राहिले. कोणी माझ्या कामाची स्तुती केली तर आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येई. आता आपण सापडलो, असे वाटे. ज्याला कोणी दटावीत नाही, ज्याला लोक मान देतात, अशा माणसाला स्तुतीची भीती वाटावी, हे बाहेरून पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण त्याची कारणे आहेत, आणि ती समजून घेतली म्हणजे वाट सापडू लागते.

प्रथम लाज आणि भय यांतील फरक पाहू. लाजाळूपणा हा पुष्कळदा स्वभावाचा भाग असतो. लाजाळू मूल नव्या माणसासमोर आईच्या पदराआड जाते, परंतु ओळख झाली की मोकळे होते. मी म्हणते ते भय ओळखीने जातेच असे नाही. कधी कधी जवळच्या माणसापाशी ते अधिकच वाढते, कारण इजा जवळच्या माणसाकडूनच झालेली असते. लाज उपजत असते. हे भय शिकलेले असते. आणि जे शिकलेले असते, ते हळूहळू बदलताही येते. आपल्याला आशा वाटावी ती येथेच.

आता हे भय शरीरात कसे बसते ते पाहू. पावसाळ्याच्या तोंडी शेताच्या मोकळ्या जागेत टिटवी अंडी घालते. पिल्ले बाहेर पडल्यावर घार दिसली की टिटवी ओरडते, आणि पिल्ले आहेत तेथे मातीला चिकटून निपचित बसतात. त्यांचा रंग ढेकळांसारखा असल्याने ती दिसत नाहीत. पळता येत नाही आणि लढता येत नाही तेव्हा न दिसणे हाच बचाव. मानवी मुलाचेही असेच आहे. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका ओळखून इशारा देणे हे त्याचे काम. इशारा मिळाला की मूत्रपिंडांवरील ग्रंथी अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घसा कोरडा होतो. विचार करण्यापूर्वीच हे सारे घडून जाते. ज्या मुलाला हा इशारा रोज मिळतो, त्याच्या मेंदूतील ही घंटा फार हळवी होते. पुढे खरी घार नसतानाही नुसती सावली पुरते. शाळेतील बाईंची नजर, साहेबाने मारलेली हाक, लग्नघरात आपल्याकडे वळलेली चार तोंडे, यांतील कोणतीही गोष्ट ती घंटा वाजवू शकते. बुद्धीला कळते की येथे मार बसणार नाही. शरीर मात्र दिनदर्शिका पाहत नाही.

म्हणून अशा माणसाला “घाबरण्यासारखे काय आहे त्यात?” असे विचारणे निरुपयोगी आहे. त्यालाही ठाऊक असते की घाबरण्यासारखे काही नाही, आणि तेवढ्याने त्याची लाज मात्र दुणावते.

अशी माणसे थोडी असतील, असे कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांकडून तीत माहिती घेतली होती. दर तीन मुलांतील दोघांना शारीरिक मारहाण सोसावी लागली होती, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले होते. बहुतेकांनी ती गोष्ट कोणालाही कळविली नव्हती. अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या दोन डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची अशीच चौकशी केली आणि १९९८ पासून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणी सोसलेल्या आघातांची संख्या जितकी अधिक, तितके मोठेपणी मनाचे व शरीराचेही आजार अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा शेवटच्या बाकावरील मूल हा काही एका शाळेचा प्रश्न नाही.

आता एका थोर माणसाची गोष्ट सांगते. ते आमच्या शेजारचेच. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे जिव्या सोमा म्हसे नावाचे वारली चित्रकार राहत. त्यांचा जन्म १९३४ चा. लहान असतानाच त्यांची आई गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचाच बंद झाल्यासारखे झाले. कित्येक वर्षे तो कोणाशी बोलेना. काही सांगावयाचे झाले तर तो धुळीत बोटाने आकृत्या काढी. पाड्यातील माणसांना त्या आकृत्यांवरून त्याचे मन कळू लागले.

वारली समाजात चित्रे काढण्याचे काम मुख्यतः बायकांचे. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी देवीचा चौक लिहितात. लग्न झाले की त्या चित्राचे काम संपते. जिव्या म्हसे चित्रे काढू लागले ते लग्नकार्याची वाट न पाहता, रोजच्या रोज. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात हिंडत असता त्यांची दृष्टी या कामाकडे गेली. पुढे म्हशांची चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली, मुंबईस प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस येथील पाँपिदू केंद्राच्या मोठ्या प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांबरोबर त्यांचेही काम होते. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १५ मे २०१८ रोजी ते वारले. आज वारली चित्र म्हणून जे आपण पिशवीवर, भिंतीवर, शाळेच्या फाटकावर पाहतो, त्याला जगापुढे आणणाऱ्यांत हे नाव पहिले घ्यावे लागते.

त्यांच्या मनात काय चालले असेल हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु एक शिक्षिका म्हणून त्या धुळीतल्या आकृत्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. बोलता न येणाऱ्या मुलाने बोलण्याची बळजबरी स्वतःवर केली नाही, आणि भोवतालच्या माणसांनीही त्याला दुसरा मार्ग ठेवला. धुळीतील रेघ हवी तेव्हा तळहाताने पुसता येते. ज्याला दिसण्याचे भय आहे, त्याने प्रथम असेच काही करावे : पुसून टाकता येईल इतके लहान, आणि आपल्याच हाती राहील असे. धुळीतून भिंतीवर, भिंतीवरून कागदावर, कागदावरून जगापुढे, असा तो प्रवास वर्षानुवर्षांचा होता.

मानसशास्त्रानेही हेच क्रमाक्रमाचे तत्त्व प्रयोगाने दाखविले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केलेल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भीत असे. तिने ससा त्याच्या अंगावर टाकला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातील ससा दूर ठेवला. तो शांत आहे असे पाहून दुसऱ्या वेळी थोडा जवळ आणला. सशाला न भिणारी दुसरी मुलेही कधी कधी सोबतीस असत. अखेर पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. यात तीन गोष्टी आहेत : सुरक्षितपणा, सोबत आणि थोडेथोडे पुढे सरकणे. यांतील एक जरी वगळली तरी काम बिघडते. एकदम व्यासपीठावर ढकललेले मूल धीट होत नाही. नजर म्हणजे संकट, हा त्याचा जुना धडा अधिक पक्का होतो.

आमच्या वारली भागातील तारपा नाच आपण पाहिला आहे काय? मध्ये तारपा वाजविणारा, आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या माणसांची साखळी. त्यात कोणी एकटा उभा नसतो. भिऱ्या मुलालाही त्या साखळीत जागा मिळते. पुष्कळ माणसांसमोर येणे आणि एकट्याने येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आमच्या संमेलनांत आपण मुलांना बहुधा दुसरीच गोष्ट आधी करावयास लावतो.

आता दुसरे उदाहरण. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यांचा जन्म १९२९ चा. महारवाड्यातील दारिद्र्य, शाळेत वेगळे बसविले जाणे, घरातील बायकांचा कोंडमारा हे सारे त्यांनी लहानपणी पाहिले. त्यांच्या वडिलांनी आईला उंबऱ्याच्या आत ठेवले होते. बाई जितकी कमी दिसेल तितकी घराची अब्रू मोठी, अशी तेव्हाची समजूत. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले आहे की, एकदा आगगाडीतून जाताना काही तरुणांनी त्यांच्याकडे पाहिले, एवढ्या कारणावरून नवऱ्याने संशय घेऊन नाकातून रक्त येईपर्यंत मारले. पाहिले दुसऱ्यांनी, आणि शिक्षा झाली ती जिच्याकडे पाहिले तिला. अशा प्रसंगानंतर कोणत्या बाईला दिसावेसे वाटेल?

त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी वर्तमानपत्रे त्या वाचीत. वाचता वाचता त्या लिहू लागल्या, आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत अशा अडचणीच्या जागी लपवून ठेवू लागल्या. सुमारे वीस वर्षे ते लिखाण असे लपून राहिले. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन या विदुषीच्या पाहण्यात ते आले आणि त्यांनी प्रकाशनास प्रोत्साहन दिले. प्रथम ‘स्त्री’ मासिकातून, आणि १९८६ साली पुस्तकरूपाने ते प्रसिद्ध झाले. पुढे बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे मागास समाजांतील मुलांसाठी निवासी शाळा चालविली. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

वीस वर्षे वह्या लपविणे याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. घरात मार आहे, तोवर लपविणे हे शहाणपण होते. त्यांनी लिहिणे सोडले नाही, ही खरी गोष्ट. आणि जेव्हा दाखविले, तेव्हा प्रथम एका विश्वासू माणसाला दाखविले. साऱ्या महाराष्ट्राला नंतर. यावरून मी एक नियम काढला आहे. आपल्याला पाहण्याचा अधिकार प्रत्येकास नसतो. तो आपण द्यावयाचा असतो, आणि पहिल्याने फार जपून द्यावयाचा असतो.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. दोष नेहमी पाहिल्या जाणाऱ्याचा नसतो. पुष्कळदा पाहणारी नजरच दूषित असते. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना गुरुजींनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे इतर मुलांचे डबे ठेवलेले होते. ते बाटतील म्हणून मुलांनी एकच गलका करून डबे ओढून बाजूला केले. त्या मुलाचे गणित चुकले नव्हते, आणि त्याच्या धैर्यातही उणे नव्हते. चूक वर्गाची होती. म्हणून भय बाळगणाऱ्यास बदलण्याचा उपदेश करण्यापूर्वी आपल्या नजरेची परीक्षा करावी, हे बरे.

तर मग असे भय ज्यांच्या मनात आहे त्यांनी काय करावे? मी डॉक्टर नाही. अनुभवाने व वाचनाने जे कळले तेवढे सांगते.

पहिली गोष्ट, धोका आजही आहे की केवळ त्याची आठवण आहे, हे ओळखावे. आजही कोणी मारीत असेल, छळीत असेल, तर ते भय खोटे नव्हे. ते राखणदार आहे. तेथे धीट होण्याचा प्रयत्न न करता आधी सुरक्षित जागा शोधावी. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे, आणि अशी गोष्ट कळूनही ती पोलिसांना न कळविणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, संकट टळले असूनही भय राहिले असेल तर स्वतःवर रागावू नये. आमच्या नरोलीचेच उदाहरण घ्या. २८ जुलै १९५४ रोजी गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. परंतु दादरा व नगर हवेली रीतसर भारतात विलीन होण्यास १९६१ चा ऑगस्ट उजाडला. सुटका एका रात्रीत झाली, तरी नवी घडी बसण्यास सात वर्षे लागली. मनाचे कागदपत्र तर याहून सावकाश पुरे होतात.

तिसरी गोष्ट, शरीराला आजची जागा दाखवावी. छाती धडधडू लागली की दोन्ही पावले जमिनीवर घट्ट टेकावी, श्वास आत घेतो त्याहून सावकाश बाहेर सोडावा, आणि समोरच्या चार वस्तूंची नावे मनात घ्यावी : खिडकी, फळा, छत्री, घागर. कोठीमागे लपलेल्या मुलीला हे कळले पाहिजे की कोठी आता नाही. हा उपाय मी आज येथे बोलावयास बसण्यापूर्वीही केला.

चौथी गोष्ट, लिहावे. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील आघाताविषयी लिहावयास सांगितले होते. लिहिल्यावर त्यांना त्या वेळी जड वाटले. परंतु पुढील महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. लिहिलेले कोणास दाखविलेच पाहिजे असे नाही. मात्र लिहिताना झोप उडत असेल, घाबरे होत असेल, तर थांबावे व जाणत्या माणसाची मदत घ्यावी.

पाचवी गोष्ट तीच. ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. मनाच्या दुखण्यासाठी जाण्यात कमीपणा नाही. ज्याला डॉक्टरांच्या समोर बसणेच कठीण वाटते, त्याच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे चेहरा दाखवावा लागत नाही. सुरुवात नुसत्या आवाजाने करता येते.

आता शिक्षक आणि वडीलधाऱ्यांसाठी थोडेसे. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांची एमी वर्नर या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशके नोंद ठेवली. ज्यांचे बालपण अत्यंत कठीण गेले, अशांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले मोठेपणी समर्थ व प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी माणूस असे होते, की ज्याने त्यांना टाकले नाही : आजी, मावशी, शेजारीण, एखादे शिक्षक. हे एक माणूस होणे आपल्या हाती आहे. त्यासाठी फार काही लागत नाही. मुलाला चारचौघांत उभे करून त्याचा पाणउतारा करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केलेलीच आहे. भित्र्या मुलाची स्तुतीही आधी एकांतात करावी, वहीच्या कडेला दोन ओळी लिहून करावी. आणि त्याने काही सांगितले तर ते दुसऱ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत गोष्ट म्हणून सांगू नये. केवळ संरक्षणासाठी ज्याला सांगणे अवश्य आहे त्यालाच सांगावे, आणि तसे करणार असल्याचे मुलालाही आधी कळवावे.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे काय झाले, हे आपण विचाराल. तिच्या बाबतीत जे करावयास हवे होते ते योग्य त्या माणसांच्या मदतीने केले. त्याविषयी अधिक बोलणे उचित नाही. ती आता नातेवाइकांकडे राहते आणि रोज शाळेत येते. वर्गात काय केले तेवढे सांगते. पहिले दोन महिने मी तिला काही विचारले नाही; फक्त वहीत लिहीत गेले, आणि तीही वहीतच उत्तर देऊ लागली. मग एके दिवशी मी तिला म्हटले, “फळ्यावर तारीख लिहिशील का? प्रार्थनेच्या घंटेआधी, वर्गात कोणी नसताना.” तिने मान हलविली. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर फळ्याच्या अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख लिहिलेली होती, आणि लिहिणारी आपल्या खांबाआड बसली होती. महिन्याभराने अक्षर थोडे मोठे झाले. दिवाळीनंतर तिची मैत्रीण खडू घेऊन तिच्याबरोबर उभी राहू लागली. पुढे एकदा मुले आत येऊ लागली तरी ती लगेच पळाली नाही. तारखेखालचा सुविचार पुरा करून मगच जागेवर गेली.

स्नेहसंमेलनात तिने भाग घेतला नाही, आणि मी आग्रहही धरला नाही. परंतु मागील आठवड्यात ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही रेडिओवर बोलणार आहात ना? तुम्हांला भीती वाटत नाही?”

मी तिला खरे ते सांगितले. म्हटले, “वाटते ग. पण मी जाणार आहे.”

तिने थोडा विचार केला, आणि विचारले, “मग मी ऐकू?”

आज ती ऐकत असेल. चर्चमधील माझी जागाही मी यंदा बदलली आहे. मागच्या बाकावरून गाणाऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत आले आहे. दोन्ही बाजूंस माणसे असतात, त्यामुळे बरे वाटते.